ऊब आत, धूर बाहेर

तुमसरच्या एका उष्णा मिलमध्ये माझी सगळी नोकरी बॉयलरवर गेली. उष्णा तांदूळ करायचा म्हणजे धान आधी भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. या वाफेसाठी जी आग लागते ती धानाच्याच भुशावर पेटते. शेतातून आलेलं धान स्वतःचं सरपण अंगावर घेऊनच मिलच्या दारात येतं. १०० किलो धान भरडाईला दिलं की सरकारी हिशेबाने साधा तांदूळ ६७ किलो आणि उष्णा ६८ किलो परत करावा लागतो. उरल्यातला साधारण २० किलोंचा वाटा भुशाचा, म्हणजे दाण्यावरच्या टरफलाचा. बाकी कोंडा, ज्यातून तेल काढतात, आणि काडीकचरा. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. आमच्या भंडारा जिल्ह्याचे सातही तालुके धानाचे. भरडाईचा हंगाम सुरू झाला की मिलच्या मागे भुशाचे ढीग छपराच्या वर जातात.

मिलमधली भुशाची भट्टी पायऱ्यांची असते. लोखंडी पट्ट्यांच्या पायऱ्यांवरून भुसा हळूहळू खाली सरकतो, वरच्या पायरीवर वाळतो, मधल्या पायऱ्यांवर पेटतो आणि तळाशी पोहोचेपर्यंत त्याची राख झालेली असते. हातात लांब सळई घेऊन पायऱ्यांवरची राख मोकळी करत राहायचं आणि अधूनमधून बाहेर येऊन चिमणीकडे बघायचं, हे आमचं काम. काळा धूर निघतोय म्हणजे हवा कमी पडते आहे. पांढरा, जड धूर म्हणजे भुसा ओला आहे किंवा आग थंड पडली आहे. चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली की समजायचं, जळण पुरतं जळतंय. धूर हे न जळलेलं जळण असतं. मिलमध्ये त्याचा हिशेब मालक पैशात करतो. घरात मात्र तो बायामाणसांच्या छातीत जमा होत राहतो आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

बाहेरच्या माणसाला भंडाऱ्याची थंडी सांगितली की पटत नाही, कारण त्याच्या डोक्यात विदर्भाचा मे महिना असतो. पण डिसेंबर-जानेवारीत काही रात्री आमच्याकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. वैनगंगेच्या काठची आणि तलावांच्या पाळीखालची गावं तर पहाटे दाट धुक्यात बुडालेली असतात. ही थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची, म्हणून तिच्यासाठी घर बांधताना कुणी काही सोय करत नाही. अंगणात शेकोटी पेटवायची, आणि घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल तर रात्री निखाऱ्यांची शेगडी खाटेखाली सरकवायची, ही आमची सोय.

कवेलूच्या घरात हे चालून जात होतं. कवेलूंच्या फटींतून, वाशांच्या बाजूने, भिंतीच्या वरच्या मोकळ्या जागेतून धूर निघून जायचा. ऊबही निघून जायची, पण जीव राहायचा. आता गावोगाव घरकुलं झाली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, वर बहुतेक ठिकाणी स्लॅब, लोखंडी दार, काचेची खिडकी. पावसाळ्यासाठी उत्तम घर. पण दहा बाय बाराच्या अशा खोलीत दार-खिडकी लावून कुणी शेगडी घेऊन झोपलं, तर त्या शेगडीचं रूप बदलतं. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं आग स्वच्छ आहे. प्रत्यक्षात हवा कमी पडलेले निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीने याला धरून ठेवतं. माणसाचं आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते; झोपलेल्याला तर काही कळतच नाही. दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलं नाही, अशी बातमी येते. अशी बातमी वाचली की मला राग येतो, कारण हा अपघात टाळायला फार मोठं विज्ञान लागत नाही. एक बंद पेटी लागते आणि एक पाइप लागतो.

थंड देशांत घर तापवायला जी पेलेटची शेगडी वापरतात, तिचा खरा गुण मला यातच दिसतो. लोक तिच्या जळणाचं कौतुक करतात, स्वयंचलितपणाचं करतात. मला तिची काचेच्या दाराची घट्ट बंद पेटी महत्त्वाची वाटते. आग त्या पेटीत असते, आगीला लागणारी हवा बाहेरून पाइपने आणता येते, जळलेला वायू पंख्याने ढकलून दुसऱ्या पाइपने घराबाहेर जातो. खोलीतली हवा पेटीच्या बाहेरच्या अंगावरून फिरून नुसती तापते. आगीचा धूर आणि माणसाची हवा कुठेही एकमेकांना भेटत नाहीत.

पेलेट म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या, ६ किंवा ८ मिलिमीटर जाड. गुरांना सुग्रास घालणाऱ्याला त्या लगेच ओळखीच्या वाटतील, आणि ते बरोबरच आहे; या कांड्या पाडणारं यंत्र पशुखाद्याच्या कारखान्यातूनच जळणाच्या धंद्यात आलं. जाड पोलादी चकतीला किंवा कड्याला भोकं असतात, त्यावरून रूळ फिरतात आणि चुरा त्या भोकांतून रेटला जातो. घासून घासून तो १०० अंशांच्या आसपास तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि थंड झाल्यावर तेच चुऱ्याला धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. ओल मात्र नेमकी लागते, शेकडा १० ते १५. त्याहून कोरडा चुरा बांधला जात नाही, आणि ओला असला तर आत वाफ होऊन कांडी तडकते. चांगली कांडी ओळखायची सोपी रीत आहे. ती मोडताना कट्ट आवाज येतो, आणि पाण्यात टाकली तर बुडते, कारण दाबल्यामुळे ती पाण्याहून जड झालेली असते. वर तरंगली तर ती नीट दाबलेली नाही.

१९७३ च्या तेलटंचाईने अमेरिका-युरोपला जळणाची चिंता लागली. ओरेगन राज्यात १९७० च्या दशकात लाकडाच्या चुऱ्याच्या कांड्या करण्याचा कारखाना निघाला, पण त्या कांड्या मोठ्या भट्ट्यांसाठी होत्या. घरात बसेल अशी शेगडी १९८० च्या दशकात जेरी व्हिटफील्ड नावाच्या विमान-अभियंत्याने शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात तयार केली. वर कांड्यांची टाकी, खाली मळसूत्रासारखा फिरणारा दांडा, तो थोड्या थोड्या कांड्या लोखंडी वाटीत टाकतो. वाटीच्या भोकांतून पंखा हवा फुंकतो. विजेची सळई आग पेटवते आणि खोलीचं तापमान बघून दांडा हळू किंवा जलद फिरतो. लाकडाची मोळी एकदा पेटली की ती तिच्या मनाने जळते. इथे आगीला घास मोजून दिला जातो, म्हणून ती लहान असूनही धगधगती राहते आणि धूर जवळजवळ होत नाही. आज इटलीसारख्या देशात अशा शेगड्या घरोघरी आहेत.

त्या शेगडीला जो घास लागतो त्याचे नियम कडक आहेत. युरोपातल्या घरगुती वापराच्या सर्वोत्तम दर्जाच्या पेलेटमध्ये राख शेकडा ०.७ पेक्षा जास्त चालत नाही, ओल १० पेक्षा जास्त चालत नाही, आणि किलोमागे किमान ४.६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळावी लागते. हे आकडे पाइनच्या सोललेल्या, स्वच्छ लाकडाचे आहेत.

आता आमचा भुसा बघा. त्याची उष्णता काही फार कमी नाही. किलोमागे ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे साडेतीन ते चार युनिट. पण राख शेकडा १५ ते २०! पाइनच्या २० किलोंत जेवढी राख निघेल त्याहून जास्त भुशाच्या एका किलोत निघते. ती राखही साधी नाही. तिच्यात शेकडा ९० च्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य. धानाचं रोप मातीतून ही सिलिका ओढून टरफलात भरतं, म्हणून भुसा हाताला खरखरीत लागतो, लवकर कुजत नाही आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पेलेटच्या यंत्राची पोलादी चकतीही याच सिलिकेने झिजते.

भुशाची कांडी जळताना जवळून बघण्यासारखी आहे. आधी तिच्यातून वायू सुटतो आणि पिवळी ज्योत लागते. ज्योत संपल्यावर ती लाल होते. मग लाली विझते, आणि वाटीत काय उरतं? तीच कांडी. तेवढीच लांब, जवळजवळ तेवढीच जाड, फक्त काळी आणि हलकी. जळायचं ते जळून गेलं, सिलिकेचा सांगाडा जागच्या जागी उभा राहिला. बोट लावलं की चुरा होतो, पण बोट लावेपर्यंत तो वाटीतली जागा अडवतो, खालची भोकं झाकतो आणि वरून येणाऱ्या कांडीला हवा मिळू देत नाही. परदेशी शेगडीत भुशाची पेलेट घातली तर थोड्याच वेळात वाटी भरते, हवा कोंडते आणि काचेवर काजळी धरते. लोक म्हणतात भुशाची पेलेट बेकार. मी म्हणतो, शेगडी दुसऱ्याच्या जळणासाठी बनलेली आहे.

तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, आणखी वेगळं. तणसात राख तर असतेच, शिवाय पोटॅश आणि क्लोरीन. पोटॅशमुळे राख कमी तापमानाला वितळते आणि जाळीवर काचेसारखे खडे बसतात, ते छिन्नीने काढावे लागतात. क्लोरीन लोखंड खातं. घरातल्या छोट्या शेगडीत तणसाच्या पेलेटच्या नादी लागू नये असं माझं ठाम मत आहे. तणस गुरांना द्यावं किंवा मोठ्या भट्टीला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरच्या वीजकेंद्रांना कोळशाबरोबर शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेट जाळण्याचं धोरण लावून दिलं, ते अशा मोठ्या भट्ट्यांसाठीच. आमच्या एका बाजूला मौदा, दुसऱ्या बाजूला तिरोडा, अशी मोठी औष्णिक केंद्रं आहेत. अशा केंद्रांना माल पुरवायचा म्हणजे ट्रकचा व्यवहार. त्यात घरगुती गिऱ्हाइकाच्या दहा किलोच्या पोत्याला कोण विचारतो?

घरगुती गिऱ्हाइकाला विचारणारा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात होऊन गेला आहे, आणि तो फार लोकांना आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक एच. एस. मुकुंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलेटवर चालणारी स्वयंपाकाची शेगडी विकसित केली. बीपी या तेल कंपनीने २००६ पासून ती ‘ऊर्जा’ नावाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत विकली. शेतातल्या टाकाऊ मालाच्या पेलेट, शेगडीच्या बुडाशी बॅटरीवरचा छोटा पंखा. कांड्या भरायच्या आणि वरून पेटवायच्या. आग वरून खाली उतरत जाते. पंख्याची थोडी हवा खालून येऊन कांड्यांचा वायू करते आणि बाकीची हवा वरच्या कडेच्या भोकांतून येऊन तो वायू जाळते. दोन हवांची ही विभागणी हीच त्या शेगडीची विद्या. चार लाखांच्या आसपास शेगड्या विकल्या गेल्या. पुढे २००९ मध्ये पुण्याची फर्स्ट एनर्जी ही कंपनी हे काम पाहू लागली. पण शेतातल्या टाकाऊ मालाला कारखान्यांची मागणी वाढली, पेलेट महाग होत गेल्या, आणि घरची गिऱ्हाइकं गळाली; कंपनीला हॉटेलांच्या आणि मोठ्या स्वयंपाकघरांच्या शेगड्यांकडे वळावं लागलं. शेगडी चांगली होती. घरापर्यंत जळण परवडेल अशा भावात पोहोचलं नाही.

त्याआधीपासून, १९९६ साली स्थापन झालेली पुण्याची ‘आरती’ ही संस्था, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवत होती. २००२ मध्ये त्यासाठी तिला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. उसाच्या मुलखाने आपल्या पाचटाचा विचार केला. धानाच्या मुलखाने आपल्या भुशाचा घरगुती विचार अजून तितक्या नेटाने केलेला नाही, आणि मला तो व्हावा असं मनापासून वाटतं.

तसं आमच्याकडे भुशाची शेगडी नवी नाही. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचं, मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली फिरवत वर काढायची, आणि खालच्या भोकातून काडी सारून पेटवायचं. मधल्या पोकळीतून आग तासन् तास चालते. लाकडाच्या चुऱ्यावर ही शेगडी फार छान जळते, भुशावर जरा कुरकुरते. आमच्या घरात हिवाळ्यात आंघोळीचं पाणी तिच्यावरच तापायचं. अंगणात तिला तोड नाही. खोलीत ती आणू नये, कारण तिलाही धूर न्यायला वाट नाही.

निवृत्तीनंतर मी एका पेलेट बनवणाऱ्या कारखान्यात देखरेखीला जाऊ लागलो आणि कांड्या हाताशी आल्या. माझी माय ऐंशीच्या पुढची, दमेकरी, आणि तिची खोली आता स्लॅबची. तिच्यासाठी शेगडी करायची हे मनात होतंच. ग्रिल-दरवाजे करणाऱ्या ओळखीच्या वेल्डरच्या दुकानात बसून आम्ही ती केली. विजेवर अजिबात अवलंबून नाही अशी. परदेशी शेगडीची अडचण हीच की वीज गेली की तिचा पंखा थांबतो, दांडा थांबतो, आग कोंडते. आमच्या गावांत वीज कधी जाईल याचा नेम नाही.

आमच्या शेगडीत कांड्यांची टाकी उंचावर आहे आणि तिरप्या नळीतून कांड्या स्वतःच्या वजनाने खाली घसरतात. जेवढ्या जळतात तेवढीच जागा होते, तेवढ्याच खाली येतात. तळाशी आडव्या सळयांची जाळी, आणि तिला बाहेरून हलवायचा दांडा. हा दांडा म्हणजे मिलमधली माझी सळई. अर्ध्या-पाऊण तासाने तो दोनदा मागेपुढे करायचा, सांगाडे मोडतात, राख खालच्या पेटीत पडते. राखेची पेटी मोठी लागते. दोन किलो भुशाची पेलेट जाळली की साडेतीनशे-चारशे ग्रॅम राख पडते आणि ती पिसासारखी फुगलेली असते. आम्ही कांड्यांमध्ये आरा मशीनचा लाकडी चुरा मिसळून घेतो, त्याने कांडी घट्ट होते, चकती कमी झिजते आणि राखही उतरते.

टाकीचं झाकण रबराची पट्टी लावून हवाबंद केलं आहे. हे विसरून चालत नाही. टाकीतून हवा ओढली गेली तर आग नळीतून वर चढते आणि टाकीतल्या कांड्या धुमसायला लागतात. धुराच्या पाइपला पहिल्या चार-पाच फुटांत जीआय पाइप लावू नये. त्यावरचा जस्ताचा थर तापला की त्याचे वायू अंगाला बाधतात. साधा काळा लोखंडी किंवा स्टीलचा पाइप घ्यावा. पाइप सरळ वर जावा, वळणं कमी असावीत, आणि त्याचं तोंड छपरापेक्षा हातभर तरी वर असावं, नाहीतर वारा फिरला की धूर उलटा खोलीत येतो. आगीची हवा भिंतीतून वेगळी आणली आहे. आणि एवढं सगळं करूनही खिडकीची वरची झडप आम्ही बंद करत नाही. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं छोटं यंत्रही आता विकत मिळतं. शेगडी कुठलीही असो, ते खोलीत असावं.

पहिल्यांदा पेटवली तेव्हा माय खाटेवरून बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काऊन रे बापू, पेटली का नाही? धूर तं दिसतच नाही.” मी तिचा हात शेगडीच्या पत्र्याजवळ नेला तेव्हा तिचा विश्वास बसला. माझ्या बॉयलरच्या सर्टिफिकेटचं एवढं कौतुक तिने कधी केलं नव्हतं.

हिशेब साधा आहे. दहा बाय बाराची स्लॅबची खोली, बाहेर १० अंश, तर आत बरं वाटायला एक ते दीड किलोवॅट उष्णता पुरते. किलोभर कांड्या, थोडी उष्णता चिमणीतून गेली असं धरूनही, अडीच युनिटच्या आसपास उष्णता खोलीला देतात. रात्री जेवणापासून झोपेपर्यंत दीड-दोन किलोंत काम भागतं. झोपताना टाकी रिकामी होऊ द्यायची; पत्र्याच्या आत विटा रचल्या आहेत, त्या पुढेही बराच वेळ ऊब देत राहतात. रात्रभर पेटती ठेवायची गरज आमच्या हवेत नाही, आणि ठेवूही नये.

राखेला आमच्याकडे जुनी गिऱ्हाइकं आहेत. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. काळी राख भांड्यांना उत्तम. भुशाची राख पोलादाच्या कारखान्यांतही जाते, वितळलेल्या पोलादावर ती पसरली की त्याची उष्णता उडत नाही. फार वेळ, फार तापमानाला जळून पांढरी पडलेली राख मात्र जपून हाताळावी. तिच्यात सिलिकेचे स्फटिक तयार झालेले असू शकतात आणि त्यांची धूळ फुप्फुसाला वाईट. आमच्या छोट्या शेगडीची राख काळीच राहते, तरी ती काढताना तोंडाला दुपट्टा बांधायचा आणि वर पाण्याचा हबका मारायचा, ही मिलची शिस्त मी घरीही ठेवली आहे.

साठवणीचंही सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळ्यात १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कांडीला पाणी लागलं की ती फुगते आणि परत भुसा होते. म्हणून पोती जमिनीला टेकवायची नाहीत, लाकडी फळ्यांवर, प्लास्टिकच्या आत ठेवायची. आणि बंद कोठीत ढीग लावायचा नाही. लाकडाच्या कांड्यांचे मोठे ढीग नुसते पडून राहिले तरी कार्बन मोनॉक्साइड सोडतात. युरोपात पेलेट भरलेल्या जहाजांच्या तळात उतरलेले कामगार यामुळे दगावले आहेत. चार पोती ओसरीत ठेवली तर भीती नाही.

गॅस आला तरी चूल गेलेली नाही, हे आमच्या कुठल्याही गावात पहाटे फिरलं तर दिसतं. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघरी सिलिंडर आले, स्वयंपाक बराचसा गॅसवर गेला. पण १४.२ किलोंच्या सिलिंडरवर हिवाळ्यात घरभराच्या आंघोळीचं पाणी कोण तापवील? खोली तर कुणीच तापवणार नाही. त्यासाठी सरपण लागतंच, आणि कोका-नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेच्या गावांत सरपण आणायला जाणारी बाई वाघाच्या वाटेवर जात असते. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राइस मिल आहे, तिच्या मागे भुशाचा ढीग आहे, आणि तो ट्रक भरून परजिल्ह्यात चालला आहे.

म्हणून आता माझी खटपट पोत्यांची आहे. कारखान्यातून माल टनाने निघतो. दहा किलोचं पोतं कुणी शिवून देत नाही. आमच्या गावच्या बचत गटातल्या बायांनी ते काम घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यांनी पहिला प्रश्न भावाचा विचारला आणि दुसरा, हिवाळा संपल्यावर काय विकायचं? प्रश्न बरोबर आहे. दोन महिन्यांच्या थंडीवर धंदा उभा राहत नाही. पण आंघोळीचं पाणी आठ महिने तापतं, लग्नसराईत आचाऱ्याच्या भट्ट्या लागतात, चहाच्या टपऱ्या बारा महिने चालतात. म्हणून वेल्डरकडे आता पाण्याच्या बंबाला बसेल अशी पेलेटची भट्टी जोडायचं चाललंय. बंबाची नळी आधीच मधोमध असते, तिलाच धुराची वाट करायची. तळाच्या जाळीचं माप ठरलं आहे. फक्त राखेचा दांडा बंबाच्या पायांमध्ये अडकतो, तो बाजूने काढता येतो का ते बघायचं आहे.